बंदरकर घराण्याचा मूळ पुरुष

१ जानेवारी १९७९, पेण

आमच्या मुलीने, शकूने, रोह्याहून ही डायरी आणून दिली. तिच्या कंपनीने सगळ्यांना वाटली म्हणे. वर सोनेरी अक्षरांत कंपनीचे नाव होते. त्यावर पांढरा कागद चिकटवून मी 'हैबतराव बंदरकर, निवृत्त अव्वल कारकून' असे लिहिले. मामलेदार कचेरीत एकतीस वर्षे लोकांचे फेरफार लिहिले, आता स्वतःचे चार शब्द लिहावेत. उद्या कुणी माझे चरित्र लिहायला घेतले तर त्या बिचाऱ्याला काहीतरी साधन हवे.

"कोन लिवनार हाय?" हौसाने विचारले. पंचवीस वर्षे संसार झाला, पण हिला दूरचे दिसत नाही.

यंदाचा संकल्प एकच, बंदरकर कुलवृत्तांत छापून काढायचा. आमच्या वाचनालयात पुण्यामुंबईच्या घराण्यांच्या कुलवृत्तांतांनी एक अख्खे कपाट भरले आहे. खारपट्टीतल्या माणसांचा त्यात एकही नाही. आम्ही काय आभाळातून पडलो?

४ जानेवारी

काळुरामच्या छापखान्यात वंशवृक्ष दिला. सहा पिढ्या, एकशे चौदा पुरुष. बायकांची नावे जागेअभावी गाळली आहेत. सगळ्यात वर आमचा मूळ पुरुष धर्मा बंदरकर. त्याच्या बापाचे नाव काही केल्या सापडत नाही. अलिबागपर्यंत जाऊन जुनी दप्तरे पाहिली, धुळीने आठ दिवस शिंकत होतो.

काळुराम म्हणाला, "धर्माच्या वरती कोरं बरं दिसत नाय हो. फूल टाकू का?" त्याच्याकडे लग्नपत्रिकेसाठी एक शिशाचे कमळ आहे, पाकळी जरा झिजलेली. तूर्त ते टाकायला सांगितले. नाव सापडले की काढता येईल.

बापाचे नाव नसले तरी धर्मा आरमारातला सरदार होता याबद्दल मला शंका नाही. आडनावच बंदरकर. बंदर ज्याच्या ताब्यात तो बंदरकर, एवढे कळायला इतिहासाचार्य व्हावे लागत नाही.

९ जानेवारी

धरमतरला गेलो होतो. पुतण्या जनूच्या मुलाचा आज बारावा दिवस. आमच्या घराण्याचा कुळाचार असा की बारा दिवसांचे मूल टोपलीत घालून धक्क्यावर नेऊन ठेवायचे. टोपलीत उशाशी मिठाचा खडा ठेवायचा. मग सगळ्यांनी पाठ फिरवून सात पावले चालायचे, मागे बघायचे नाही. घरातली सगळ्यात वडील बाई जाऊन मूल उचलते. बाकीचे विचारतात, "पोर कुनाचा गो?" ती म्हणते, "ज्याला गावला त्याचा." सगळे म्हणतात, "मंग आन घरात." मग पेढे.

आज धोंडुआत्याने उचलले. ऐंशीच्या पुढे आहे, पण वाकून एका दमात उचलले. मूल बोंबलत होते. जनूची बायको पाठ फिरवताना रडत होती. आमच्या घरातल्या सगळ्याच सुना रडतात. हौसाही रडली होती, शकूच्या वेळी. मी तेव्हा तिला समजावले होते की हा लष्करी संस्कार आहे.

कुलवृत्तांतात मी त्याचे विवेचन केले आहे: 'सरदाराचा पुत्र जन्मतः दर्याच्या स्वाधीन करण्याची ही आरमारी प्रथा असून, मीठ हे शिधासामग्रीचे प्रतीक होय.' आत्याला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बरं लिवलंयस." बाकी आत्याकडून माहिती अशी फारशी मिळत नाही. मागे पुरुषांची नावे विचारली तेव्हा दोन सांगितली आणि झोपली.

१४ जानेवारी, संक्रांत

कुलवृत्तांताच्या प्रकाशनाला प्रमुख पाहुणे मिळाले. शकूच्या कंपनीत नवी मशिनरी बसवायला इटलीचे एक इंजिनिअर आले आहेत, जेन्नारो एस्पोझितो. शकू तिथे टायपिस्ट आहे, तिचे त्यांच्याशी चांगले आहे. ती म्हणाली, साहेब फार साधे आहेत, बोलावले तर येतील. आमदार येतो म्हणतात आणि येत नाहीत. शिवाय आमदार पेणला सगळ्यांच्याच कार्यक्रमांना मिळतात. इटालियन कुणाला मिळाला आहे?

समारंभ ११ फेब्रुवारीला, वाचनालयाच्या सभागृहात. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पेणचा गणपती.

२१ जानेवारी

एस्पोझितो साहेब आज जेवायला आले. बरोबर शिवा नावाचा कंपनीतला फिटर होता. गेले आठ महिने साहेबांच्या हाताखाली आहे आणि त्यांची भाषा शिकला आहे. साहेबांना इंग्रजी माझ्याइतकेच येते, त्यामुळे शिवाचा उपयोग झाला. मुलगा नीट आहे. मान खाली घालून जेवला. स्वतःचे ताट उचलून मोरीत ठेवायला निघाला, हौसाने हातातून घेतले.

साहेबांनी तांदळाची भाकरी हाताने तोडून कोलंबीच्या रश्श्यात बुडवली. कुठे शिकलात म्हणून विचारले तर म्हणाले, आमच्या नेपल्सलाही समुद्र आहे. मग त्यांनी माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. मी पाऊण तास धर्मा सरदारांबद्दल सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, जहाजाचे नाव काय होते. मी सांगितले, एक असते तर नाव सांगितले असते, अनेक जहाजे होती. शिवाने ते त्यांच्या भाषेत सांगितले आणि दोघेही गंभीरपणे जेवू लागले.

त्यांच्या आडनावाचा अर्थ विचारायचे माझ्या ओठावर आले होते. पण पाहुण्याला तोंडावर कुळ विचारणे बरे दिसत नाही. ते आपण शोधून काढावे आणि मानपत्रात घालून त्यांना चकित करावे.

२२ जानेवारी

आज अक्षर बिघडले आहे, चरित्रकाराने माफ करावे.

शकूने सकाळी सांगितले की तिला शिवाशी लग्न करायचे आहे. मी विचारले, कुणाचा मुलगा? ती म्हणाली, माहीत नाही. म्हणजे काय माहीत नाही? म्हणजे कुणालाच माहीत नाही. तान्हा असताना कुणीतरी आश्रमाच्या ओट्यावर ठेवून गेले. आडनाव आश्रमाच्या व्यवस्थापकांचे. तिथल्या सगळ्या मुलांना तेच आडनाव देतात.

मी म्हणालो, चाळीस पोरांना एक आडनाव, हे काय आडनाव झाले? मी इकडे सहा पिढ्यांचा हिशेब लावून बसलोय, आणि ज्याची एकही पिढी नाही असा जावई आणू?

"आप्पा, तो स्वतः आहे ना," शकू म्हणाली. "एक पिढी झाली की."

हौसा भाकऱ्या थापत राहिली. काल त्याने ताट उचलले तेव्हाच हिला सगळे ठाऊक होते, हे मला आज कळले.

२८ जानेवारी

शकू या रविवारी आली नाही. रोह्याला मैत्रिणीच्या खोलीवर राहिली आहे. तिने चिठ्ठी पाठवली. रजिस्टर लग्नाची नोटीस दिली आहे, महिना लागतो. 'तुम्ही उभे राहिलात तर पेणच्या घरातून लग्न करीन. नाही राहिलात तरी करीन, पण मग ते घर माझे म्हणून कसे येऊ, ते तुम्हीच सांगा. पाहुणी म्हणून येणार नाही.'

अक्षर माझ्यासारखेच आहे, उजवीकडे कललेले. मीच गिरवून घेतले होते. चिठ्ठी मी कुलवृत्तांताच्या फाइलीत ठेवली, म्हणजे हरवायची नाही. वंशवृक्षात मुलींना जागा नाही, त्यामुळे तांत्रिक दृष्ट्या काही अडचण येत नाही. तरी जेवण गेले नाही.

२ फेब्रुवारी

मानपत्र पूर्ण झाले. वाचनालयातला मोठा इंग्रजी कोश तीन दिवस चाळला. एस्पोझितो असा शब्द नाही, पण एक्स्पोझिशन आहे, त्याचा अर्थ विवरण. म्हणजे साहेबांचे पूर्वज शास्त्रांचे विवरण करणारे असणार, भाष्यकार. मी लिहिले: 'आपल्या थोर भाष्यकार कुळाची ज्ञानपताका आज धरमतरच्या आरमारी कुळाच्या अंगणी फडकत आहे.' वाक्य वाचून मला स्वतःलाच भरून आले.

शकू असती तर म्हणाली असती, आप्पा, त्यांनाच विचारा ना. गेल्या महिन्यात तीनदा म्हणाली होती. तिच्या मामाकडे जाताना बसमध्ये गडबपर्यंत तेच तेच सांगत होती. तेव्हा ती हसत का होती कोण जाणे.

११ फेब्रुवारी

जे झाले ते क्रमाने लिहितो.

सभागृह भरले होते. धरमतरहून आमची सगळी मंडळी आली, जनूने धोंडुआत्याला टेम्पोत पुढे बसवून आणले. साहेब वेळेवर आले, बरोबर दुभाष्या म्हणून शिवा. मला ते आवडले नाही, पण दुसरा इटालियन जाणणारा पेणमध्ये आणणार कुठून? शकू शेवटच्या रांगेत येऊन बसली. माझ्याकडे पाहिले नाही.

मी मानपत्र वाचले. भाष्यकार कुळाच्या वाक्याला टाळ्या आल्या. शिवाने ते साहेबांच्या कानात सांगितले. साहेब आधी मोठ्याने हसले, मग माझा चेहरा पाहून थांबले. उठले, शाल सावरली आणि बोलू लागले. एकेका वाक्याला थांबत होते, शिवा मराठीत सांगत होता.

"साहेब म्हणतात, आभार. पण त्यांच्या घरात भाष्यकार कुणी नव्हतं."

मी हळूच म्हणालो, नीट सांग.

"नीटच सांगतोय, काका." त्याने घसा खाकरला. "नेपल्सला एका मोठ्या मठाच्या भिंतीत लाकडी पेटी होती, फिरणारी. बाहेरून बाई यायची, पेटीत मूल ठेवायची आणि घंटा वाजवायची. आतली जोगीण पेटी फिरवून मूल घ्यायची. आईचं तोंड कुणी बघायचं नाही, अशी रीत. तिथं मिळालेल्या मुलांना सगळ्यांना एकच आडनाव द्यायचे, एस्पोझितो. म्हणजे उघड्यावर ठेवलेला. साहेबांच्या आजोबांचे आजोबा त्या पेटीतून आले."

मला वाटले हे पोरगे मुद्दाम स्वतःची गोष्ट साहेबांच्या तोंडी घालते आहे. मी साहेबांकडे पाहिले. ते मान डोलवत होते आणि बोटांनी काहीतरी गोल दाखवत होते.

"गळ्यात अर्धं नाणं बांधलेलं होतं," शिवा म्हणाला. "उरलेलं अर्धं आईकडे. कधी परत आली तर जुळवून बघायला. ती आली नाही. ते अर्धं नाणं साहेबांच्या घरी अजून आहे. आता नेपल्समध्ये दगड मारला तर एस्पोझितोला लागतो. पुढे कायद्याने आडनाव बदलता येत होतं. त्यांच्या आजोबांनी बदललं नाही. म्हणाले, उद्या कुणी अर्धं नाणं घेऊन शोधत आलं, तर या नावानंच शोधील."

माझी छापील आभाराची चिठ्ठी हातात होती. मी उठणार तोच पहिल्या रांगेतून धोंडुआत्या बोलली. आत्याला कमी ऐकू येते, म्हणून ती सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलते.

"मंग आमच्यासारखंच की रं. त्या बाईनं नानं बांधलं. आमच्या धर्माच्या टोपलीत मिठाचा खडा व्हता."

मी म्हणालो, आत्या, बस.

"मी बसल्येच हाय. पडावाच्या होडीतून कोन बाई आली नि धक्क्यावर टोपली ठेवून गेली. मिठागरावरची बायजा मीठ वाहायला आलेली, तिनं उचलला. तिला लोक बोलले, पोर कुनाचा गो? तं ती बोलली, ज्याला गावला त्याचा. बंदरावर गावला म्हनून बंदरकर. तुमाला समद्यांना टोपलीत घालून नेलं, हैबती, तुलाबी. कशापाय नेलं वाटलं तुला?"

जनूची बायको मुलाला छातीशी धरून रडायला लागली. मग बाकीच्या बायका. शेवटच्या रांगेत शकू उभी राहिली होती.

साहेबांनी शिवाला विचारले, म्हातारी काय म्हणाली. शिवाने सांगितले. साहेब खाली उतरले आणि आपली शाल आत्याच्या अंगावर घातली. टाळ्या भाष्यकारापेक्षा जास्त पडल्या.

कुलवृत्तांताचे प्रकाशन राहून गेले.

१२ फेब्रुवारी

दिवसभर दार लावून होतो. भाजी आणायला हौसाला पाठवले. ती परत आल्यावर विचारले, लोक काय म्हणतात? "कांदा महागला बोलतात," म्हणाली.

१५ फेब्रुवारी

राहवले नाही, धरमतरला गेलो. आत्या ओटीवर शाल पांघरून बसली होती, दुपारच्या उन्हात. मी विचारले, तुला हे सगळे ठाऊक होते तर मला इतकी वर्षे सांगितले का नाहीस?

"तू कदी इच्यारलंस? तू कागूद इच्यारायचास. नि बाप्यांची नावं इच्यारायचास. बायजा काय बाप्या व्हती?"

"मी आरमार लिहिले तेव्हा तरी बोलायचेस."

"मला वाटलं, छापायला तसंच लागत असंल."

घरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे. सून आली की सासू तिला सांगते, बाराव्या दिवसाच्या आदल्या रात्री. म्हणून त्या पाठ फिरवताना रडतात. हौसालाही ठाऊक होते. पंचवीस वर्षे तिने मला लष्करी संस्कार समजावू दिला. मला राग यायला हवा होता. लाज वाटली, ती माझीच.

येताना धक्क्यावर गेलो. ओहोटी होती, दोन पडाव चिखलात टेकलेले. टोपली नेमकी कुठे ठेवली असेल ते कुणी सांगू शकत नाही. मी साठ वर्षांचा माणूस, तिथे उभा राहून रडलो. एका खलाशाने विचारले, काय हरवले का? मी नाही म्हणालो.

२० फेब्रुवारी

छापखान्यात गेलो. त्या दिवशी काळुरामही सभागृहात होता, पण त्याने विषय काढला नाही. फक्त म्हणाला, "वंशवृक्षाच्या पानांची जुळणी अजून मोडली नाय, परत छापता येईल. धर्माच्या वरचं फूल काढू ना आता?"

मी विचार केला. फूल राहू दे म्हणालो. ती जी पडावातून आली, तिचे आपल्याकडे दुसरे काही नाही. फुलाच्या खाली बायजाचे नाव घाल, आणि तिच्या खाली धर्मा.

"बाईचं नाव वर?"

"वर. आणि बाकीच्याही बायका घालायच्या आहेत. जागा कर."

काळुरामने एकशे चौदा पुरुषांकडे पाहिले आणि चष्मा काढून पुसला. आरमाराचे प्रकरण मी काढून टाकले. पण ज्ञानपताकेचे वाक्य चांगले आहे, ते कुठेतरी वापरीन.

२४ फेब्रुवारी

रोह्याला गेलो. खांब गावाला जाणाऱ्या एका बाईच्या कोंबड्या बसमध्ये पूर्ण प्रवासभर माझ्या पायाशी होत्या. शकू कंपनीच्या फाटकात भेटली. काय बोलायचे ते घरून पाठ करून गेलो होतो, ते आठवले नाही. मी म्हणालो, "चिठ्ठीत 'पाहुणी' लिहिलेस ते मला लागले." ती म्हणाली, "लागावे म्हणूनच लिहिले होते, आप्पा." मग कॅन्टीनमध्ये चहा घेतला. सुपारीसाठी ४ मार्च ठरली, पेणच्या घरी.

रजेचा अर्ज तिने तिथेच लिहिला. उजवीकडे कललेले अक्षर.

४ मार्च

आज घरी शकूच्या लग्नाची सुपारी झाली. मुलाकडून एकटे एस्पोझितो साहेब, धोतर नेसायचा हट्ट धरला होता, शेवटी पॅन्टवर उपरणे घेतले. आमच्याकडून धरमतरची सगळी मंडळी आणि गडबहून हौसाचा भाऊ सखा. सखा माणूस वाईट नाही, पण त्याला रीतसर सगळे लागते. सभेला तो नव्हता. पाट मांडले, विडे ठेवले आणि त्याने सुरुवात केली.

"आमाला काय कल्पना नाय, म्हनून इच्यारतो. पोर कुनाचा?"

शिवा मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले. असा प्रश्न त्याला आयुष्यात किती वेळा आला असेल, आणि दर वेळी त्याने काय केले असेल, हे माझ्या मनात आजवर आले नव्हते. शकूने माझ्याकडे पाहिले. उत्तर यजमानाने द्यायचे असते.

मी दोन पानांचे भाषण तयार केले होते, खिशात होते. ते काढायला हात घातला आणि तोंडातून निघाले, "ज्याला गावला त्याचा."

सखाला काही कळले नाही. पण ओटीवरून जनू बोलला, दारातून धोंडुआत्या बोलली, स्वयंपाकघरातून बायका बोलल्या. कुणी कुणाकडे पाहिले नव्हते, बारा दिवसांचे असल्यापासून कानावर पडलेले ते आपसूक आले.

"मंग आन घरात."

हौसा साखरेची वाटी घेऊन बाहेर आली. वाटी खाली ठेवली, परत आत गेली आणि शिवाच्या हातावर मिठाचा एक खडा ठेवला. त्याचे काय करायचे ते त्याला कळेना. थोडा वेळ धरून बसला, मग रुमालात बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवला.